डब्याची मागची बाजू

बाबांनी गाडी माझ्या हवाली केली तेव्हा मीटरवर दोन लाख अकरा हजार किलोमीटर होते. सोबत एक जाड पुठ्ठ्याची वही मिळाली. गाडी २००५ सालची, दीड लिटरची, टर्बो, कॉमन रेल डिझेल. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, नसलेली. वहीत दर साडेसात हजार किलोमीटरला एक ओळ होती: तारीख, किलोमीटर, ‘ऑइल + फिल्टर, १५डब्ल्यू-४०’ (शेवटचा आकडा म्हणजे ऑइलच्या दाटपणाची ग्रेड). पंधरा-सोळा वर्षांत एकही ओळ चुकलेली नाही. फक्त शेवटच्या पानावर मध्ये मध्ये बारीक अक्षरात ‘अर्धा लिटर टाकले’ असं तीनदा लिहिलेलं होतं.

म्हणजे गाडी ऑइल खायला लागली होती आणि बाबांनी ते मला तोंडाने सांगितलं नव्हतं, लिहून ठेवलं होतं.

पुढचं ऑइल मलाच टाकायचं होतं. मी तीन जणांना विचारलं. गॅरेजवाला म्हणाला, “ताई, वीस-पन्नास (म्हणजे २०डब्ल्यू-५०) टाका. गाडी म्हातारी झाली, जाड ऑइल लागतं तिला.” दुसरा मेकॅनिक म्हणाला, “काहीही टाका, पण सिंथेटिक नको. सगळ्या सीलमधून गळायला लागेल.” ऑफिसातला एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, “फुल सिंथेटिक टाक आणि वीस हजार किलोमीटर विसरून जा.” तिघांपैकी एकानेही मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते विचारलं नाही. मी तरी कुठे बघितलं होतं?

मित्राचं ऐकून मी दुकानातून चकचकीत कॅन उचलून आणला. पुढे मोठ्या अक्षरात ‘फुल सिंथेटिक’, खाली ५डब्ल्यू-३०, बाजूला डिझेलचा उल्लेख आणि डीपीएफचं चित्र. नवीन गाड्यांना चालतं म्हणजे जुनीला चांगलंच चालेल, असा माझा हिशोब. रात्री सहज म्हणून ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. तेलकट बोटांचे ठसे असलेलं एक पान सापडलं, तिथे एसीईए बी३ किंवा बी४ आणि ग्रेड ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं. फार थंडी नसेल तर १५डब्ल्यू-४०. कॅन उलटा केला. मागे बारीक अक्षरात: एसीईए सी२.

इथून पुढचे दोन आठवडे मी कॅनच्या मागच्या बाजू वाचण्यात घालवले. घरच्यांना वाटलं मला नोकरी बदलायची आहे.

एसीईए ही युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांची संघटना. ऑइलने कुठल्या चाचण्या पार केल्या पाहिजेत ते तिचे वर्ग ठरवतात. ‘ए’ आणि ‘बी’ हे पेट्रोल आणि साध्या डिझेल गाड्यांचे. पुढे ते एकत्र करून ए३/बी४ असे जोडून लिहायला लागले. ‘सी’ हे डीपीएफ किंवा तत्सम यंत्रणा असलेल्या गाड्यांसाठी. फरक मुख्यतः राखेचा आहे. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची संयुगं घातलेली असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमवाली इंजिन स्वच्छ ठेवतात आणि ज्वलनातून तयार होणारं आम्ल मारतात. झिंकवाली कॅम-टॅपेटसारख्या घासणाऱ्या भागांवर पातळ कवच धरतात. ऑइल जळलं की यांची राख होते. काजळी डीपीएफमध्ये तापवून जाळता येते, राख मात्र जळत नाही, तिथेच साठत जाते. म्हणून ‘सी’ वर्गात राखेवर मर्यादा: सी२ आणि सी३ला ०.८ टक्क्यापर्यंत. ए३/बी४मध्ये हीच मर्यादा १.६ टक्के आहे, आणि आम्ल मारण्याची क्षमता, ज्याला टीबीएन म्हणतात, ती किमान १० असावी लागते. माझ्या गाडीला डीपीएफच नाही. ज्या भीतीपोटी त्या कॅनमधली ही औषधं कमी केली होती, ती भीती मला लागूच नव्हती.

तरी एवढ्यावर मी कॅन बाजूला ठेवला नसता. सी३ असतं तर कदाचित टाकलंही असतं. अडलं ते एचटीएचएसवर. शब्द भयंकर आहे, गोष्ट सोपी आहे. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये ऑइलचा थर अगदी पातळ असतो, तापलेला असतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये प्रचंड वेगाने ओढला जात असतो. अशा वेळी त्याचा दाटपणा किती उरतो ते १५० अंशांवर मोजतात. ए३/बी४ला हा आकडा किमान ३.५ लागतो. सी३लाही ३.५. सी२ला मात्र २.९ पुरतो, कारण ते ऑइल इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम हलकं ठेवलेलं असतं आणि त्यासाठी बनवलेल्या इंजिनांची बेअरिंगं आणि ऑइल पंप तसे आखलेले असतात. माझं इंजिन तसं आखलेलं नव्हतं, वर दोन लाख किलोमीटर झिजलेलं. कॅन सील न फोडता कपाटात गेला.

आता सिंथेटिकबद्दल. या शब्दाचा अर्थ मी समजत होते तेवढा ठाम नाही, हे कळल्यावर जरा राग आला. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, मूळ तेलांचे पाच गट पाडते. पहिले तीन खनिज तेलापासून शुद्ध करत नेलेले, चौथा पीएओ, म्हणजे रेणू जोडून बनवलेलं तेल, आणि पाचव्यात एस्टरसारखे बाकीचे सगळे. तिसऱ्या गटातलं तेल हायड्रोजनच्या साथीने इतकं बदललेलं असतं की ते चौथ्याच्या जवळ जातं. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातींवर हरकत घेतली होती, की तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणू नये. जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळाने १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून बाजारातल्या बऱ्याचशा ‘फुल सिंथेटिक’ कॅनमध्ये तिसरा गटच मुख्य असतो. माझ्या मते त्यात फसवणूक वगैरे काही नाही, तेल चांगलंच असतं. पण पुढच्या बाजूला लिहिलेल्या त्या शब्दावरून आतलं काहीच कळत नाही, एवढं खरं.

मॅन्युअलमधल्या ग्रेडपैकी मी ५डब्ल्यू-४०कडे झुकत होते, पण गॅरेजवाल्याचं ‘जाड-पातळ’ डोक्यातून जाईना. त्याच्या लेखी ५डब्ल्यू म्हणजे पाणी. बाबांच्या लेखीही. “पंधरावरून एकदम पाचवर? इंजिनाला सवय असते गं,” ते फोनवर म्हणाले. मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला: डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा चाळीस हा तापल्यावरचा. शंभर अंशांवर दोन्ही ऑइलं एकाच पट्ट्यात, १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक). चालत्या गाडीत दोघांत फारसा फरक नाही. फरक सकाळी आहे. बाबांनी “बरं” म्हटलं. त्यांच्या या ‘बरं’चा अर्थ ‘नाही पटलं’ असा होतो.

म्हणून प्रयोग केला. बाबांच्या डब्यात उरलेलं १५डब्ल्यू-४० एका छोट्या काचेच्या बाटलीत घेतलं, दुसऱ्या तशाच बाटलीत नवं ५डब्ल्यू-४०. दोन्ही रात्रभर फ्रीजरमध्ये, चिकटपट्टीवर ठळक ‘ऑइल – हात लावू नये’. घरातला फ्रीजर उणे अठराच्या आसपास असतो. सकाळी दोन्ही बाटल्या एकदम आडव्या केल्या आणि व्हिडिओ काढला. ५डब्ल्यूची पातळी सावकाश पण न थांबता कलत गेली, आणि बुडबुडा वरच्या बाजूला सरकला. १५डब्ल्यूचा पृष्ठभाग आधी तसाच तिरका राहिला, जसं काही बाटली हलवलीच नाही. मग कडेने एक जाड ओठ सुटला आणि तो रेंगाळत खाली आला. कुठल्याही सकाळी गाडी उणे अठरावर सुरू करायची नसली, तरी कमी अंतराने का होईना, फरक त्याच दिशेचा असतो. इंजिन सुरू झाल्याझाल्या ऑइलला चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथून, वर टर्बोपर्यंत चढायचं असतं, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा, ऑइलच्या थरावर तरंगणारा. वीस-पन्नासने खाणं थोडं कमी झालं असतं कदाचित, पण रोज पहाटे टर्बो थोडा जास्त वेळ कोरडा फिरला असता. व्हिडिओ बाबांना पाठवला. उत्तर आलं, “बाटली कुठली घेतलीस? माझ्या औषधाची?”

राहिली गळतीची भीती. ही नुसती थाप नाही, तिला इतिहास आहे. सुरुवातीच्या काळातल्या पीएओ ऑइलांमुळे रबरी सील आकसायची. आता त्यात सील फुगते ठेवणारे एस्टर वगैरे मिसळतात, आणि सीलवर काय परिणाम होतो हे एसीईएच्या चाचण्यांतच तपासलं जातं. पण दुसरी गोष्ट खरी आहे. जुन्या इंजिनात कडक झालेल्या सीलच्या फटीत वर्षानुवर्षांचा चिकट मळ बसलेला असतो आणि तोच बूच म्हणून काम करतो. चांगल्या ऑइलने तो धुतला गेला की आधीच मेलेलं सील उघडं पडतं. मग दोष ऑइलवर जातो.

तेव्हा आधी इंजिन बघणं आलं. गाडी गरम करून, चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं. तिथून भकाभका धूर आणि ठोके आले असते, तर पिस्टन रिंगा गेल्या, असा अर्थ. आली ती हलकी वाफ. झाकण जागेवर थरथरलं, उडालं नाही. इंजिन बंद करून आत टॉर्च मारला. कॅमवर मधासारखा पिवळसर झाक असलेला थर होता, पण काळा, दह्यासारखा गाळ कुठेच नाही. वहीतल्या त्या न चुकलेल्या ओळींचा हा हिशोब. वही नसलेली गाडी असती, तर मी नवं ऑइल थेट दहा हजार किलोमीटर चालवायचा विचार केला नसता. पहिलं ऑइल दोन-तीन हजारांतच काढून पाहिलं असतं. गॅरेजवाला फ्लश मारायला निघाला होता, त्याला मी नको म्हटलं. तो पातळ द्रव एकदम सगळा मळ सोडवतो आणि ढेकळं जाऊन चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसली तर पंपच उपाशी.

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी दोन डाग. एक नाण्याएवढा, हेड कव्हरच्या मागच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. पॅकिंग घामेजलं होतं. म्हणजे ‘खाणं’ म्हणत होतो त्यातलं थोडं तरी सांडणं होतं.

शेवटी घेतलं ते ५डब्ल्यू-४०, ए३/बी४. निवडताना एका गोष्टीवर अडून बसले. काही कॅनवर गाडी कंपनीचे मान्यतेचे आकडे असतात, उदाहरणार्थ मर्सिडीजचा २२९.५ किंवा फोक्सवॅगनचा ५०५.०१. पण कुठे लिहिलेलं असतं ‘अप्रूव्हल’, आणि कुठे ‘या मानकांच्या गाड्यांसाठी योग्य’. पहिल्यात गाडी कंपनीने तपासून मान्यता दिलेली असते; दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच्या तोंडाने सांगत असतो. माझी गाडी त्या दोन्ही कंपन्यांची नाही, तरी मी अशी खरी मान्यता असलेलंच उचललं. कुणीतरी तिसऱ्याने तपासलंय एवढ्यासाठी. (आणि हो, पुम्पे-ड्यूझे पद्धतीची जुनी फोक्सवॅगन डिझेल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो ५०५.०१ चा आकडा बघितल्याशिवाय काही टाकू नये. त्या इंजिनात इंजेक्टर कॅमनेच दाबले जातात, कॅमवरचा भार वेगळाच असतो.)

ऑइल बदलताना मी शेजारी उभी राहिले, हे मेकॅनिकला आवडलं नाही. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर नवा आणला होता, तो मीच त्याच्या हातात दिला. फिल्टरच्या कपावरची रबरी रिंगही नवीन. जुनं ऑइल पंधरा-वीस मिनिटं गळू दिलं, शेवटी धागा, मग थेंब. भरताना तो अख्खा कॅन उलटा करायला निघाला. “चारवर थांबा दादा,” मी म्हटलं. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट साडेचार लिटर आहे, पण आत किती उरलंय कुणाला ठाऊक. चारवर इंजिन सुरू केलं, ऑइलचा दिवा विझला, बंद करून दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक पुसून पाहिली. मग थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून सोडलं. जास्त भरलं तर क्रँक ते ताकासारखं घुसळतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला धरून ठेवत नाही.

दोनशे किलोमीटरवर डिपस्टिक काढली तर ऑइल काळं. बाबांना सांगितलं, ते खुशीत म्हणाले, “फसवलं तुला.” पण डिझेलमध्ये हे असंच होतं. बदलताना थोडं जुनं ऑइल आत राहतंच, शिवाय काजळी पहिल्या दिवसापासून येत राहते. नव्या ऑइलचं काम तिला बारीक कणांतच धरून ठेवायचं, गोळे होऊ द्यायचे नाहीत. काळं होणारं डिझेल ऑइल आपलं काम करत असतं.

फरक काय पडला? सकाळी टॅपेटचा टिकटिक आवाज चार-पाच सेकंद यायचा, तो सेकंदाभरावर आला. ॲव्हरेजमध्ये काही नाही. टाकी फुल करून चार वेळा मोजलं, जो फरक निघाला तो नोझल कुठे थांबतं त्यावर अवलंबून. पिकअप वाढला असं मित्र म्हणतो, मला जाणवला नाही. खाणं मात्र वाढलं! आधी मी मोजलं होतं ते हजार किलोमीटरला तीनशे मिलिलिटर, आता पहिल्या हजारात साडेतीनशे. पुठ्ठ्यावरचा डागही मोठा. दुसरा मेकॅनिक म्हणाला, “बोललो होतो.” बोललाच होता. हेड कव्हरचं पॅकिंग काढलं तर ते प्लास्टिकसारखं कडक; बोटांनी वाकवलं आणि कट्कन तुटलं. नवं घातलं. पुढच्या हजाराला दीडशे मिलिलिटर, त्याच्या पुढच्यालाही तेवढंच. उरलेलं टर्बो आणि वयाच्या खात्यात. त्याची चिंता मी सोडून दिली आहे.

मित्राचे वीस हजार मात्र मी मानले नाहीत. सिंथेटिक तेल स्वतः लवकर खराब होत नाही हे कबूल, पण त्यात साठणारी काजळी आणि चुकून उतरणारं डिझेल त्याचं ऐकत नाहीत. दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं ठरवलं, आणि साडेसात हजारांवर तपासायचं. तपासणीची जुनी पद्धत साधी आहे. गरम इंजिनच्या डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर सोडायचा आणि कागद रात्रभर आडवा, अधांतरी ठेवायचा. सकाळी माझा डाग मधून कडेपर्यंत करडा पसरत गेलेला होता, ढगासारखा. मधे घट्ट काळा ठिपका आणि भोवती एकदम फिकट रिंगण पडलं असतं तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली, असं समजायचं. तो कागद मी वहीत डकवला.

त्याच वेळी उत्सुकता म्हणून थोडं ऑइल प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला: शंभर अंशांवरचा दाटपणा अजून चाळीसच्या पट्ट्यात, टीबीएन निम्म्याच्या वर शिल्लक, डिझेल मिसळलेलं नगण्य, लोखंड नेहमीसारखं. फक्त सिलिकॉनपुढे खूण केलेली आणि शेरा, ‘एअर फिल्टर तपासा’. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. मला आधी वाटलं, पॅकिंग बसवताना कोपऱ्यांना जी सिलिकॉनची पेस्ट लावली होती तिचं हे काम, तसंही होऊ शकतं. तरी एअर फिल्टरची पेटी उघडली. फिल्टर नवाच होता, स्वच्छ. पण पेटीच्या इंजिनाकडच्या बाजूला, रबरी कडेच्या आत, पेन्सिलीने ओढावी तशी धुळीची बारीक रेघ होती. चारपैकी एक क्लिप तुटलेली, झाकण त्या कोपऱ्यात नखाएवढं उचललेलं. क्लिप किती वर्षं तुटलेली आहे ते वहीत नाही. बाबांना विचारलं. “ती ना,” ते म्हणाले, “तिला मी तार बांधली होती. तार काढली कुणी?”

तार गॅरेजमध्ये काढली गेली होती, फिल्टर बदलताना, मी शेजारी उभी असताना. नवी क्लिप बसवली आहे. पुढचं सॅम्पल दहा हजारांवर.